रनवेला खड्डे पडत नाहीत का हो?

गेल्या अंकात संपादकांनी एक चौकट टाकली होती: 'विमानतळांच्या धावपट्ट्यांची देखभाल करण्यात ज्यांची अख्खी नोकरी गेली, त्या निवृत्त अभियंता बाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतील.' मला वाटलं, पाच-सहा पत्रं येतील आणि विषय मिटेल. पिशवीभर आली. त्यातल्या निम्म्यांनी एकच प्रश्न विचारलाय, म्हणून तोच मथळ्यात घेतला. 'धावपट्टी' हा शब्द चांगला आहे, वर्तमानपत्रात शोभतो. पण आम्ही कामावर जन्मभर 'रनवे'च म्हटलं. इथेही तेच म्हणते.

आमच्या स्टेशनबाहेरच्या रस्त्याला दर जुलैत खड्डे पडतात. रनवेवर तर एवढाली विमानं आदळतात, तरी तिथे खड्डे पडल्याचं ऐकिवात नाही. तिथलं डांबर वेगळं असतं, की ठेकेदार वेगळे असतात? (निवृत्त शिक्षक, डोंबिवली)

गुरुजी, शेवटची कोपरखळी पोचली. खरं सांगायचं तर एकाच ठेकेदाराला मी शहरातल्या रस्त्यावर आणि विमानतळावर, दोन्हीकडे काम करताना पाहिलंय. माणसं तीच, रोलर तोच. रस्त्यावरचं काम पहिल्या पावसात वाहून गेलं आणि आमच्याकडचं बारा वर्षं टिकलं. याचं कारण डांबरापेक्षा डांबराखाली आणि डांबरानंतर काय होतं, त्यात आहे.

आधी वजनाचं बघू. रस्त्यावरच्या ट्रकच्या मागच्या, चार टायरवाल्या आसाला साडेअकरा टनांची कायदेशीर मर्यादा आहे. पूर्ण भरलेलं बोइंग ७७७-३००ईआर उड्डाणाच्या वेळी ३५१ टनांपर्यंत असतं. त्यातलं बहुतेक वजन पोटाखालच्या १२ चाकांवर येतं, म्हणजे एकेका चाकावर २७ टनांच्या आसपास. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३०-३२ पौंड हवा, याच्या टायरमध्ये दोनशेच्या वर. म्हणून खाली मुरूम, त्यावर खडीचे थर, त्यावर डांबरी थर किंवा काँक्रीट असं सगळं मिळून मीटरभराच्या आसपास बांधकाम असतं. जमीन जितकी मऊ तितकी जाडी जास्त.

यात गंमत अशी की विमान जिथे 'आदळतं', तिथे रनवेला सगळ्यात जास्त त्रास होत नाही. उतरताना आणि धावताना पंखांनी बरंच वजन तोलून धरलेलं असतं, शिवाय चाक एका जागी क्षणभरच असतं. खरा त्रास होतो तो विमानं रांगेत उभी राहतात तिथे, रनवेच्या टोकाला आणि टॅक्सीवेवर, म्हणजे विमान रनवेपर्यंत ज्या वाटेने ये-जा करतं तिच्यावर. मे महिन्यातलं ऊन, मऊ झालेलं डांबर आणि त्यावर पाच-पाच मिनिटं एका जागी उभं असलेलं भरलेलं विमान. डांबर हळूहळू सरकतं, चाकोरी पडते. म्हणून कित्येक ठिकाणी टोकं काँक्रीटची करतात आणि मधला भाग डांबरी ठेवतात. विमानं उभी करण्याची जागाही बहुतेक काँक्रीटचीच, कारण तिथे इंधन सांडतं आणि इंधनात डांबर विरघळतं.

वजनाचा हिशेब आधी मांडता येतो. पाणी मात्र कुठल्या फटीतून शिरेल, ते सांगता येत नाही. मुंबईचा मोठा रनवे ६० मीटर रुंद आहे. मध्यावर उंच आणि दोन्ही कडांना उतरता, साधारण दीड टक्का. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या ३० मीटरांत ४५ सेंटीमीटर उतार. विमानात बसून तो डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसतो. तो उतार कुठे एक सेंटीमीटरने जरी चुकला, तरी तिथे बशीसारखं पाणी साठतं.

माझ्या पहिल्या साहेबांनी मला पहिल्याच पावसाळ्यात एक काम लावलं होतं. पाऊस थांबला की वीस मिनिटं थांबायचं, मग परवानगी घेऊन रनवेवर चालत जायचं. सगळा रनवे वाऱ्याने वाळलेला असतो आणि कुठेतरी थाळीएवढा काळा ओला डाग उरलेला असतो. त्या डागाभोवती खडूने गोल करायचा. साधा खडू ओल्यावर उमटत नाही, म्हणून मी शाळेच्या दुकानातून तेलखडूंची पेटी आणत असे. पिवळा आणि भगवा आधी संपायचा. पुढच्या पावसात तो गोल मोठा झालाय का, ते बघायचं. जिथे डाग राहतो तिथे वर्ष-दोन वर्षांत केसाएवढी भेग येते, भेगेतून पाणी खाली जातं, वरून चाक गेलं की ते पाणी दाबाने डांबर आणि खडी यांची पकड सोडवतं आणि एक दिवस एक खडा सुटून येतो. खड्ड्याचा जन्म इथे होतो. स्टेशनबाहेर तो खडा कुणी बघत नाही. आमच्याकडे दिवसातून किमान दोनदा पाहणी करायचा नियमच आहे आणि मोठ्या विमानतळांवर ती त्याहून जास्त वेळा होते. खडा सापडला की त्या रात्री तिथे माणूस जातो.

आणि एक गोष्ट राहिली, गुरुजी. रनवे झाल्यानंतर पाण्याच्या पाइपवाला, केबलवाला, गॅसवाला येऊन तो खणत नाही. तुमच्या रस्त्याचं अर्धं दुखणं तिथे आहे.

अर्थात उतारालाही मर्यादा आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी विमानतळाच्या हद्दीतूनच जाते. नदीच भरल्यावर गटारातलं पाणी जाणार कुठे?

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये आमचं पुण्याचं विमानतळ तब्बल चौदा दिवस बंद ठेवलं होतं. माझ्या मुलाला मुंबईहून टॅक्सी करून यावं लागलं. परदेशात म्हणे रात्रीत काम उरकतात. आपल्याकडे हे का जमत नाही? (वाचक, कोथरूड, पुणे)

तुमचा राग कळतो. त्या कामाशी माझा संबंध नव्हता, पण तारखा बघा. १६ ते २९ ऑक्टोबर. त्या वर्षी दसरा १५ तारखेला होता आणि दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस सरलेला, दसऱ्याची गर्दी नुकतीच संपलेली, दिवाळीची सुरू व्हायची. ज्याने कुणी त्या तारखा निवडल्या, त्याने पंचांग आणि हवामान दोन्ही उघडून ठेवलं होतं. आणि रात्रीचं काम पुण्यात झालंच नाही असं नाही. त्याच्या आधीचं वर्षभर, २६ ऑक्टोबर २०२० पासून, रात्री आठ ते सकाळी आठ रनवे बंदच असायचा. लोहगाव हवाई दलाचं, रनवे एकच. तो बंद म्हणजे सगळंच बंद.

रात्रीत काम 'उरकणं' काय असतं ते सांगते. समजा, रात्री अकराला शेवटचं विमान गेलं. टॉवरची परवानगी, गाड्या आत आणणं, दिवे लावणं यात पाऊण तास जातो. मग मिलिंग मशीनने जुना थर खरवडायचा, झाडायचा, वर डांबराचा पातळ हात मारायचा. मागून हॉटमिक्सचे डंपर येतात, माल दीडशे अंशांच्या आसपास गरम. पेव्हर तो पसरतो, आणि तो निवायच्या आत रोलर फिरवून झाला पाहिजे. पण नंतर मात्र तो निवायलाच हवा. गरम डांबरावर विमान आणलं तर चाकोरी पडलीच. म्हणजे पहाटे साडेपाचला रनवे द्यायचा असेल, तर माल टाकणं तीनलाच थांबवावं लागतं. सहा तासांच्या रात्रीतले खऱ्या कामाचे तास तीन. त्यातही जिथे काम थांबलं तिथे नवा थर जुन्यापेक्षा उंच असतो. विमानाला पायरी चालत नाही, म्हणून तिथे तात्पुरता लांब उतार करायचा आणि दुसऱ्या रात्री तोच खरवडून पुढे सुरुवात करायची. म्हणजे रोज रात्री आदल्या रात्रीचं थोडं काम मोडायचं. आणि प्रत्येक रात्रीचा एक आडवा सांधा. पाणी शिरायला सांध्यासारखी जागा नाही. सलग दिवस मिळाले की सांधे कमी होतात. कुठल्याही रनवेच्या माणसाला विचारा, तो सलग दिवसच मागेल. मिळत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मुंबईची अडचण आणखी निराळी. तिथे दोन रनवे आहेत, पण एकमेकांना छेदणारे. २०१९ला त्या छेदाचंच काम निघालं. छेदाला हात लावला की दोन्ही रनवे बंद. तेव्हा ७ फेब्रुवारी ते ३० मार्च, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशी वेळ काढली होती. दुपारी का? तर मुंबईत रात्री आंतरराष्ट्रीय विमानांची रीघ असते, दुपार त्यातल्या त्यात मोकळी. आजही पावसाळ्याच्या मागेपुढे एखादा दिवस ११ ते ५ दोन्ही रनवे बंद असल्याची बातमी तुम्ही वाचता, ती याच मोकळ्या दुपारची. सहा महिने आधी कळवलेलं असतं. त्या सहा तासांत दिवे बदलणं, रंग मारणं, भेगा भरणं, रबर काढणं असं एकाच वेळी चार-पाच टोळ्यांचं काम चालतं. लग्नघरात आचारी, मांडववाला आणि बँडवाला एकाच वेळी यावेत, तसं.

परवानगी संपायची वेळ आणि आपलं काम संपायची वेळ यांची गाठ पडणं म्हणजे काय, याचा एक अनुभव सांगते. विमानतळाचं नाव नको. १९९८ सालचा डिसेंबर. पहाटे चार चाळीस. काम संपलं, हत्यारांची मोजणी सुरू. आत जाताना वहीत प्रत्येक पाना, पक्कड, फावडं लिहिलेलं असतं, बाहेर पडताना तेवढंच भरलं पाहिजे. एक पक्कड कमी. मुकादम म्हणाला, "बाई, असेल गाडीत, चला." मी म्हटलं, दिसेपर्यंत कुणी हलायचं नाही. चौदा माणसं एका रांगेत, हातात बॅटऱ्या, डोकी खाली, चालत निघाली. भात लावणीला वाकतात तशी. टॉवरवरून दोनदा विचारणा झाली. पाच चाळीसला मी रेडिओवर सांगितलं, रनवे देत नाही. पहिलं विमान अकरा मिनिटं थांबलं. शेवटी पक्कड सापडली ती चहाच्या किटलीच्या पिशवीत. किटलीचा दांडा निसटला होता, पोराने तो पकडीने दाबून बसवला आणि पक्कड तिथेच टाकली.

मला मेमो आला: 'अकारण विलंब'. ऑफिसात काही महिने मला 'पक्कडबाई' म्हणत. पुढे २५ जुलै २०००ला पॅरिसला कॉन्कॉर्ड कोसळलं. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून हातभर लांबीची धातूची पट्टी रनवेवर पडली होती. कॉन्कॉर्डचा टायर तिच्यावरून गेला, फुटला, त्याचे तुकडे पंखातल्या टाकीवर आदळले. ११३ माणसं गेली. त्यानंतर 'पक्कडबाई' म्हणायचं बंद झालं. मेमो मात्र कुणी मागे घेतला नाही, अजून माझ्या फायलीत आहे.

विमान उतरतं तेव्हा चाकातून धूर का येतो? आणि रनवेवर काळे पट्टे का रंगवतात? मी आठवीत आहे. (चिपळूण)

बाळा, ते रंगवलेले नाहीत. तो टायरचाच रबर आहे.

विमान खाली येतं तेव्हा चाक फिरत नसतं. जमिनीला टेकतं त्या क्षणी जमीन त्याच्याखालून ताशी अडीचशे किलोमीटरने पळत असते. चाकाला तो वेग पकडायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ ते घासत जातं. रबर तापतो, धूर होतो, वितळलेला रबर खाली चिकटतो. प्रत्येक विमान थोडा थोडा. काही महिन्यांत टेकण्याच्या जागी रनवे पाटीसारखा गुळगुळीत होतो. नखाने खरवडून बघ म्हटलं तरी निघत नाही, इतका कडक.

कोरड्यात फारसं बिघडत नाही. पावसात बिघडतं. चाक आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पडदा राहिला तर चाक पाण्यावर तरंगतं, तुझा खापराचा तुकडा नदीवर भाकऱ्या काढत जातो ना, तसं. मग ब्रेक दाबून उपयोग नाही. किती वेगाला तरंगेल याचं एक जुनं गणित आहे, ते तू करू शकशील: टायरमधल्या हवेचा दाब पौंडांत घे, त्याचं वर्गमूळ काढ, नऊने गुण. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. दोनशे पौंड धरून करून बघ. उत्तर ताशी २३५ किलोमीटरच्या जवळपास येईल, म्हणजे विमान उतरतं साधारण तेवढाच वेग. आणि बघ, या गणितात विमानाचं वजन कुठेच नाही. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही दोनदा तपासलं होतं.

म्हणून दोन गोष्टी करतात. एक, रनवेवर आडव्या बारीक खाचा पाडतात. सहा मिलिमीटर रुंद, सहा मिलिमीटर खोल, दर ३८ मिलिमीटरला एक. तुझ्या पट्टीवर मोजून बघ. चाकाखालच्या पाण्याला पळायला वाट मिळते. दोन, साठलेला रबर अतिशय जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने काढतात. फवारा जास्त वेळ एका जागी धरला तर रबराबरोबर खडीपण निघते, त्यामुळे ते यंत्र चालवणारा माणूस चांगला लागतो. मग एक खास गाडी स्वतःच आपल्या चाकापुढे पाणी सोडत रनवेवरून धावते आणि जमीन किती धरून ठेवते ते मोजते. माझ्या नोकरीत त्या गाडीत बसायला सगळ्यांची मारामारी असायची, कारण रनवेवर भरधाव जायची ती एकमेव संधी.

आम्ही नवी मुंबई विमानतळासाठी गाव सोडलेल्या कुटुंबांपैकी. आमच्या डोळ्यांदेखत उलव्याचा डोंगर गेला, नदी वळवली. खाली सगळी खाडीची चिखलजमीन. तिथे रनवे खचणार नाही का? (पनवेल)

ताई, गाव सोडण्याबद्दल मी काय बोलणार. मी त्या बाजूची, कागदावर रेघ ओढणाऱ्यांपैकी. जमिनीचं विचारलंय, तेवढंच सांगते.

खाडीचा चिखल म्हणजे पाण्याने फुगलेली माती. वर वजन ठेवलं की पाणी हळूहळू बाहेर जातं आणि माती बसते. पण ते पाणी इतकं हळू जातं की आपोआप व्हायला वर्षानुवर्षं लागतील. तुम्ही श्रीखंडाला चक्का बांधता. नुसता टांगला तर रात्र लागते. फडक्यात घालून वर वरवंटा ठेवला तर लवकर होतो. अशा जमिनीत तेच करतात. हातभर रुंदीपेक्षाही कमी अशा प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या, आत वातीसारखं पाणी वाहून नेणारं, यंत्राने चिखलात खोलवर उभ्या घुसवतात. थोड्या थोड्या अंतरावर, हजारोंनी. वरून मातीचा भला मोठा ढीग घालतात, तो वरवंटा. पाणी जवळच्या पट्टीत शिरतं, वर येतं, वाहून जातं. जमीन किती बसली ते रोज मोजतात आणि बसणं मंदावलं की ढीग उचलतात.

तरीही पुढे थोडी बसतेच. जपानमध्ये ओसाकाजवळ समुद्रात भर घालून केलेलं कान्साई विमानतळ १९९४ला सुरू झालं. ते बेट बांधायला घेतल्यापासून दहा मीटरांहून जास्त खाली गेलंय आणि विमानं तिथे रोज उतरतात. कारण सगळं बरोबरीने बसलं तर फारसं बिघडत नाही. एक भाग बसला आणि शेजारचा नाही, तर बिघडतं. तुमच्याकडे नेमकं हेच जपायचं आहे: डोंगर कापला तिथे खाली कातळ, भर घातली तिथे खाली चिखल, आणि ३,७०० मीटरचा रनवे एवढ्या पसाऱ्यातून जातो. कातळ संपतो आणि भर सुरू होते, त्या सीमेवर मी असते तर पहिली काही वर्षं दर पावसाळ्यानंतर जमिनीची पातळी मोजायचं यंत्र लावून बसले असते. विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने अजून तान्हं बाळ आहे.

मी गोव्याचा. मोपाचं विमानतळ डोंगरावर आहे, कोळिकोडसारखा धोका आहे का? (पेडणे)

सड्यावरच्या जांभ्याची जमीन रनवेला चांगली, चिखलाचा प्रश्न नाही. धोका असतो तो रनवे जिथे संपतो त्याच्या पुढे. ७ ऑगस्ट २०२०ला कोळिकोडला भर पावसात विमान रनवेवर फार पुढे जाऊन टेकलं, थांबलं नाही आणि टोकाच्या खाली गेलं. २१ जण गेले. चौकशीचा रोख उतरण्याच्या पद्धतीवर होता, रनवेच्या बांधकामावर नाही. पण पुढे सपाट जागा भरपूर असती, तर चुकीची किंमत कमी झाली असती, हेही खरं. म्हणून रनवेच्या टोकापलीकडे २४० मीटर मोकळी, समतल जागा ठेवावी अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. मोपाचा रनवे चांगला लांब आहे. नुसतं 'डोंगरावर आहे' म्हणून घाबरू नका.

जरीमरीहून विमानांचं पोट दिसतं. रनवेवर २७ लिहिलंय म्हणजे २७ नंबरचा रनवे का? बाकीचे २६ कुठे आहेत? (कुर्ला)

होकायंत्रातले अंश, शेवटचं शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. तुमच्या डोक्यावरून जाणारं विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरतं. तोच रनवे दुसऱ्या टोकाने, समुद्राकडून आलं तर ०९. दोन टोकांत फरक नेहमी १८चा. पृथ्वीचं चुंबकत्व सरकतं तसे काही विमानतळांवरचे आकडे बदलावे लागतात. तेव्हा रंगाऱ्यांचा धंदा होतो.

तुम्ही अगदी टोकाशी राहता म्हणून एक विनंती. मटणाच्या दुकानाचा कचरा उघड्यावर टाकू देऊ नका, घारी येतात. आम्ही आतून कितीही उपाय केले तरी बाहेरच्या घारीला हद्द कळत नाही. आणि आतलीही एक गंमत सांगते. पहिला पाऊस पडला की बाजूच्या गवतातून गांडुळं निघून रनवेच्या डांबरावर येतात. त्यांच्या मागे बगळे. जून महिन्यात आमच्या अभियंत्यांची पहाटेची बैठक गांडुळांवर व्हायची, हे घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नसे.

बाई म्हणून रात्रीच्या पाळीत रनवेवर काम करताना सर्वांत मोठी अडचण कोणती? (सातारा)

बाथरूम. जवळचं अडीच किलोमीटरवर होतं आणि जायला टॉवरची परवानगी लागायची. पुरुष सहकाऱ्यांबद्दल लोक विचारतात; ते बरे होते. रेडिओवर "रनवे ओलांडायची परवानगी हवी" म्हटलं की टॉवरवरचा माणूस विचारायचा, "कशासाठी?" पहिली दोन वर्षं मी 'पाहणी' म्हणत असे. नंतर खरं सांगायला लागले. मग विचारणं थांबलं.

आता विमानात प्रवासी म्हणून बसल्यावर तुम्ही काय बघता? (ठाणे)

आधी ऐकते. रनवेच्या मधोमध जमिनीत बसवलेले दिवे असतात, काही ठिकाणी दर १५ मीटरला, काही ठिकाणी ३० मीटरला. पुढचं चाक बरोबर मध्यरेषेवरून गेलं की ठक-ठक-ठक आवाज येतो. काही पायलट मुद्दाम नाक वीतभर बाजूला ठेवतात, मग आवाज येत नाही. ऐकू आला की मी मनात मोजते. एखादा ठोका वेगळा वाटला तर तिथला दिवा सैल झालाय किंवा भोवतीचं डांबर बसलंय.

आणि खिडकी मागून घेते. गेल्या ऑगस्टमध्ये नणंदेकडे निघाले होते. पाऊस नुकताच थांबलेला, आमचं विमान रांगेत उभं. सगळा रनवे वाळत आलेला आणि कडेपासून पाच-सहा मीटर आत एक काळा डाग. शेजारी हे झोपलेले. मी कडेचे दिवे मोजले, बाजूच्या पाटीचा अंदाज घेतला आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या, आता तिथेच असलेल्या मुलाला मेसेज केला: 'उत्तरेच्या कडेला, सातव्या दिव्यापाशी पाणी राहतंय.'

विमान उतरल्यावर फोन चालू केला तेव्हा त्याचं उत्तर आलेलं होतं. 'हो मॅडम. सोमवारीच गोल केलाय. भगव्या खडूने.'